टेस्टिंगवर आहे, उद्या या

बाबा,

तुमच्या टेबलाचं काय करायचं, हे सगळ्यांचं विचारून झालं आहे. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, भंगारवाला मंगळवारी येतो. तुमचे जावई नागपूरहून फोनवर म्हणाले, व्हरांड्यातली तेवढी जागा मोकळी झाली तर कूलर नीट बसेल. मी दोघांनाही बरं म्हटलं आणि काहीच केलं नाही. मल्टिमीटर, तीन स्क्रू ड्रायव्हर, सोल्डरिंगची कांडी, डब्यातला रोझिनचा तुकडा, सगळं आहे तिथेच आहे. माझ्याच्यानं त्याला हात लावला जात नाही. त्या टेबलाच्या खालच्या ड्रॉवरवरून आपलं जे झालं, ते तुमच्या हयातीत मिटवायला हवं होतं आणि मी ते मिटवलं नाही.

माणसं येऊन तुमच्याबद्दल चांगलं बोलून गेली. सौंसरहून तुमची जुनी गिऱ्हाइकं आली होती. एक म्हातारे गृहस्थ तर रडले. म्हणाले, दादा कधी नसलेला बिघाड सांगत नव्हते, काय असेल ते तोंडावर सांगत. मी त्यांना चहा दिला आणि मान डोलावली. मितू माझ्या बाजूलाच उभी होती. तिनं ते ऐकलं आणि आत निघून गेली. तुमची नात, अकरा वर्षांची, तेव्हा तुम्हाला खोटारडा समजत होती, बाबा. आणि तो समज माझ्यामुळे झाला होता. दुसऱ्या कुणाला हे सांगायची सोय नाही, म्हणून तुम्हालाच सांगते आहे. तुम्हाला ते माहीतच आहे, तरी सांगते.

पण आधी आपल्या सौंसरच्या घराकडून येऊ द्या मला. सरळ त्या ड्रॉवरपाशी जायची हिंमत नाही अजून.

आपल्या घरात कधी टीव्ही नव्हता. शाळेत हे सांगितलं की मुली हसायच्या. टीव्ही दुरुस्त करणाऱ्याच्या घरी टीव्ही नाही, असं कसं. मला तेव्हा समजावून सांगता यायचं नाही की आमच्याकडे टीव्ही नाही, पण टीव्ही असतो. कुणाचा ना कुणाचा. पुढच्या खोलीत तुमचं दुकान, मागच्या खोलीत आपण, आणि मधल्या दारात दुरुस्त झालेला सेट. दुरुस्त झाला की लगेच द्यायचा नाही, दोन-तीन तास चालवून बघायचा, कारण काही फॉल्ट सेट गरम झाल्याशिवाय वर येत नाही. हे तुम्ही गिऱ्हाइकाला सांगायचात आणि ते खरंच होतं. फक्त तुमचे दोन-तीन तास दोन-तीन दिवसांवर जायचे. गिऱ्हाईक दारात आलं की तुम्ही मान वर न करता म्हणायचात, टेस्टिंगवर आहे, उद्या या.

त्यातही रविवारी सिनेमा असेल तर शनिवारी कुठलाच सेट तयार व्हायचा नाही.

हे कशामुळे सुरू झालं, ते तुम्ही कधी बोलला नाहीत. मला आठवतं. मी पाच वर्षांची असेन. आपल्या गल्लीच्या टोकाला त्या व्यापाऱ्याकडे टीव्ही आला होता आणि आपल्या वस्तीतली पोरं खिडकीबाहेर उभी राहून बघायची. आत बसा असं कुणी म्हणत नव्हतं आणि बसायचंही कुणाच्या मनात येत नव्हतं. एका रविवारी खिडकी लागली. काचेवर ऊन पडतं म्हणून लावली, असं आतून कुणीतरी म्हणालं. कुणी रागावलं नाही, हाकललं नाही. मी घरी येऊन तुम्हाला सांगितलं. तुम्ही ऐकून घेतलं आणि पुन्हा कामाला लागलात. त्या आठवड्यात पहिल्यांदा एक सेट तयार असून आपल्या घरी राहिला.

मग काय, सगळी वस्ती आपल्या मधल्या खोलीत. आई बडबडायची, पण पाण्याचा माठ भरून ठेवायची. तुम्ही सेटच्या मागे बसून काम करायचात आणि पुढे चित्र कसं येतंय ते दिसावं म्हणून समोर स्टुलावर एक आरसा उभा करायचात. तो आरसा नेमका पडद्याच्या डाव्या कोपऱ्यापुढे यायचा. आम्ही सगळे सिनेमे डावा कोपरा सोडून बघितले. नायिकेचा भाऊ कोण, हे मला बऱ्याच सिनेमांत कळलंच नाही, कारण तो बहुतेक डावीकडे उभा असायचा. एकदा मी मागे येऊन तुमच्या मांडीवर बसले तेव्हा कळलं, की त्या आरशात तुम्हाला चित्र कमी आणि आम्ही पोरंच जास्त दिसायचो.

आणि ते अर्धे सिनेमे. एखाद्या गिऱ्हाइकाला तुमची युक्ती ठाऊक असायची. तो बरोबर मध्यंतरानंतर यायचा, हसत म्हणायचा, दादा, टेस्टिंग टीव्हीची चालू आहे का पोरांची, आणि हातगाडीवर सेट घालून चालता व्हायचा. आम्ही रडवेले व्हायचो. तेव्हा तुम्ही हातातलं काम ठेवून पुढचा सिनेमा सांगायचात. तुम्ही तरी कुठे बघितलेला असायचा. पण सांगायचात असं, जणू तिकीट काढून पाहून आलात. एकाचा शेवट मला अजून पाठ आहे. त्यात तो दरोडेखोर सुधारतो आणि गावात पिठाची गिरणी टाकतो. पुढे पांढुर्ण्याला नोकरी लागल्यावर केबलवर मी तो सिनेमा पूर्ण पाहिला. दरोडेखोर कड्यावरून पडून मरतो. मला इतकं वाईट वाटलं की मी जेवले नाही. तुम्हाला फोन करून विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "गिरणी चांगली होती न पण?"

तुमच्या लहानपणी एवढंही नव्हतं, हे तुम्ही नेहमी सांगायचात. मोहगावात गुरुजींच्या घरी एकच रेडिओ. तो ते संध्याकाळी खिडकीत ठेवायचे आणि निम्मं गाव अंगणात बसायचं. बातम्या लागल्या तरी लोक बसायचे. त्या खोक्यात माणूस कुठे बसतो, हे बघायला म्हणून तुम्ही पुढे मेकॅनिक झालात. या गोष्टी तुम्ही मितूलाही सांगायचात, ती चार वर्षांची असताना, सुट्टीत सौंसरला आली की. तेव्हा ती ऐकायची.

आई गेल्यावर मीच तुम्हाला पांढुर्ण्याला आणलं. एकट्यानं सौंसरला काय करणार, असं म्हणून आणलं, पण खरं कारण मितू होती. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून आमच्या ऑफिसात कामाचा ढीग वाढला, घरी यायला सहा-साडेसहा होतात. जावई आठवड्यातून एकदा येतात. शाळेतून आलेल्या पोरीजवळ कुणीतरी हवं होतं. तुम्ही एका शब्दानं नाही म्हणाला नाहीत. टेबल तेवढं बरोबर आणलंत. व्हरांड्यात मांडलंत आणि दारावर खडूनं लिहिलंत, रेडिओ-टीव्ही दुरुस्ती. पहिल्या महिन्यात एक मिक्सर आला, एक टॉर्च आली. नंतर काहीच आलं नाही. आता टीव्ही बिघडला की लोक नवा आणतात, आणि पातळ टीव्हीच्या आत तुमच्यासाठी काही उरलेलंही नाही. तुम्ही तरी रोज दहा वाजता शर्ट घालून टेबलाशी बसायचात. ऑफिसला निघताना मला ते बघवायचं नाही. मी घाईघाईत चप्पल घालायचे.

आणि आत मितू. शाळा बंद होत्या त्या काळात तिला अभ्यासासाठी टॅब घेतला. अभ्यास संपला, टॅब राहिला. खरं सांगू का, मला तो आवडायचा. टॅब आहे म्हणजे पोरगी घरात आहे, रस्त्यावर नाही, ट्रकखाली नाही, कुणाच्या घरी नाही. दार लावून, कानात इअरफोनची बोंडं घालून ती पलंगावर पडलेली असायची आणि मी ऑफिसात निर्धास्त असायचे. तिला कुठला सिनेमा अर्धा सोडावा लागत नव्हता. हवा तेव्हा लावायचा, नको तेव्हा पुढे ढकलायचा. तरी दर दहा मिनिटांनी बदलायची. तुम्ही एकदा मला म्हणालात की आमची पोरं काय पाहून हसून राहिली, ते मले मागे बसून बी कळे. हिचं तर समोर बसून कळत नाही. मी म्हटलं, बाबा, काळ बदलला. हे मी तुम्हाला दिवसातून चारदा तरी म्हणायचे.

मग यंदा फेब्रुवारीत तिच्या शाळेतून बोलावणं आलं. पोरगी वर्गात झोपते, गणितात पार बुडाली आहे, वार्षिक परीक्षा तोंडावर आहे. घरी येऊन मी टॅब काढून घेतला तर तिनं दोन दिवस ताट बाजूला सारलं. तिसऱ्या दिवशी मीच परत दिला. मला भांडायला वेळ नव्हता आणि जीवही नव्हता. सकाळी डबे, दिवसभर फायली, संध्याकाळी हिचं तोंड. मला वाटायचं, कुठल्याही बाजूनं हललं तरी भिंतच लागते आहे. आणि अशात मला तुमचं टेस्टिंग आठवलं.

रविवारी ती बाहेर खेळायला गेली असताना मी टॅब आणून तुमच्या टेबलावर ठेवला. म्हटलं, परीक्षा होईपर्यंत ठेवा तुमच्याजवळ. बिघडला म्हणून सांगा. तुमचं ऐकेल ती.

तुम्ही चष्मा काढलात. "चांगल्या सेटले मी खराब म्हणत नाही, बाई."

मी हसले. म्हटलं, बाबा, माझं सगळं लहानपण तुम्ही लोकांशी खोटं बोलण्यात घालवलंत. तयार सेट टेस्टिंगवर आहे म्हणून सांगत होतात की नाही? मग हिच्यासाठी एकदा बोललात तर काय बिघडलं?

"ते तुमाले पाहाले भेटावं म्हणून होतं. हे तिच्याजवळून काढून घ्याले सांगून राहिली तू. दोन्ही एक नाही."

मला राग आला. खरं म्हणजे तुम्ही बरोबर होतात म्हणून राग आला. मी म्हटलं, मग मी काय करू, नोकरी सोडू? दिवसभर तुमच्याच भरवशावर आहे ना ती? तुम्हाला एवढंही जमत नसेल तर कशाला आणलं मी तुम्हाला इथे?

हे शेवटचं वाक्य मी बोलले, बाबा. ते माझ्या तोंडून गेलं आणि तुम्ही चष्मा परत डोळ्यांवर चढवलात. टॅब जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवलात. त्यानंतर आपण त्याबद्दल बोललो नाही. आपलं भांडण तिथेच राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून मितू शाळेतून आली की सरळ तुमच्या टेबलाशी. काय झालं, केव्हा होईल. तुम्ही सांगितलंत की चार्जिंगचा एक पार्ट गेला आहे, नागपूरहून यायचा आहे. आयुष्यभर बिघाड शोधून काढणारा माणूस, तुम्हाला तो बिघाड रचायला किती जड गेलं असेल. ती मला विचारायची, आई, पार्ट आला का? मी म्हणायचे, आबाजींना विचार. किती सोपं होतं ते माझ्यासाठी.

ते दोन आठवडे चांगले गेले, हेही मला लिहिलं पाहिजे. तिला करायला काही नव्हतं म्हणून ती टेबलाशी बसली. तुम्ही तुमचा जुना रेडिओ उघडून तिच्यापुढे ठेवलात. एका संध्याकाळी मी आले तर दोघांची डोकी त्या खोक्यावर आणि नागपूर केंद्रावर कुणीतरी कांद्याच्या रोपांबद्दल बोलत होतं. मितू ते कान देऊन ऐकत होती, कारण ती तार तिनं जोडली होती. तुम्ही माझ्याकडे बघून हसलात. मी पण हसले. मला वाटलं, बघा, मी म्हणत होते ना. गणिताची उजळणीही चालू झाली होती. मला वाटलं, जमलं सगळं.

तुमची एक चूक झाली. दुसऱ्या कुणाची झाली नसती. बॅटरी रिकामी पडून राहिली की खराब होते, हे तुम्हाला माहीत होतं. कुणाची का वस्तू असेना, आपल्या टेबलावर आली की तिची आबाळ होता कामा नये, हा तुमचा जन्माचा नेम. त्यामुळे मितू शाळेत असताना तुम्ही तो टॅब दर दोन दिवसांनी काढून चार्जिंगला लावत होतात. मी असते तर तो मेला तरी बघितलं नसतं.

त्या रविवारी तिला रेडिओसाठी सेल हवे होते. तुम्ही म्हणालात, ड्रॉवरमध्ये असतील. वरच्या म्हणायचं होतं तुम्हाला. तिनं खालचा उघडला. फडकं सोडलं, बटण दाबलं, आणि टॅब लागला. शंभर टक्के चार्ज.

मी स्वयंपाकघराच्या दारात मेथी निवडत बसले होते. मला सगळं दिसत होतं. ती म्हणाली, आबाजी, हे तर चालू आहे.  मग तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. फार वेळ नाही, क्षणभरच. त्या क्षणात मी उठून म्हणायला हवं होतं की मितू, मी सांगितलं होतं आबाजींना. एवढंच तर वाक्य होतं. मी मान खाली घातली आणि मेथीची एक काडी मोडली.

तुम्ही म्हणालात, "हो बेटा. मीच ठेवला होता."

"म्हणजे तुम्ही खोटं बोलले."

"हो."

ती टॅब घेऊन आत गेली आणि दार लावून घेतलं. रेडिओ टेबलावर उघडाच राहिला. मी तुमच्याजवळ आले आणि हळूच म्हटलं, मी सांगते तिला. तुम्ही म्हणालात, आता नको, परीक्षा होऊ दे, तुझं ऐकून राहिली तेवढं तरी राहू दे. मला हायसं वाटलं. बाबा, तुमच्यावर सगळं ढकलून मला हायसं वाटलं, हे मी आज लिहिते आहे, कारण तोंडानं म्हणायला तुम्ही समोर नाही आहात.

त्यानंतर ती सहा आठवडे तुमच्याशी बोलली नाही. आदळआपट केली नाही, उलट उत्तर दिलं नाही. तुम्ही विचारायचात, जेवली का. ती मान हलवायची, तुमच्याकडे न बघता. शाळेतून आली की टेबलाच्या पलीकडच्या बाजूनं जायची. परीक्षा झाली. बरे मार्क पडले. मी सांगितलं नाही. आता कशाला जुनं उकरायचं, आपोआप विसरेल, असं मला वाटायचं. खरं म्हणजे मला भीती होती. घरात मी एकटीच तिला आवरणारी, तिचा माझ्यावरचा विश्वास उडाला तर मी काय धरून राहू? चौदा एप्रिलच्या जयंतीच्या मिरवणुकीला दरवर्षी ती तुमचं बोट धरून जायची. यंदा मैत्रिणींबरोबर गेली. तुम्ही पांढरा शर्ट घालून कोपऱ्यावर उभे राहिलात आणि ती समोरून गेल्यावर घरी आलात. त्या दिवशी तुम्ही मला एकदाच विचारलंत, तू सांगशील न तिला? मी म्हटलं, सांगते हो बाबा, घाई काय आहे.

चारच दिवसांनी तुम्ही गेलात.

नवा वर्ग सुरू झाला होता, सकाळची शाळा होती तिची. तुम्ही अकरा वाजता जेवून व्हरांड्यातल्या खाटेवर आडवे झालात, हे शेजारच्या वहिनींनी पाहिलं. डॉक्टर म्हणाले, बाराच्या आसपास, झोपेतच, काही त्रास झाला नसेल. मितू साडेबाराला आली. तुम्ही झोपलेले दिसलात. ती झाकलेलं ताट घेऊन आत गेली, जेवली, टॅब लावला. चार वाजता तुम्ही चहासाठी उठता, ते तिला माहीत होतं. तुम्ही उठला नाहीत, ते तिच्या लक्षात आलं. एरवी तिनं हाक मारली असती. पण बोलणं बंद होतं. तिनं हाक मारली नाही. मी सहाला आले तेव्हा ती दारातच उभी होती. म्हणाली, आई, आबाजी उठले नाहीत आज.

पाच तास ती घरात होती, तुम्ही असे असताना. डॉक्टरांनी तिला समोर बसवून सांगितलं की हाक मारली असती तरी काही झालं नसतं. तिनं ऐकून घेतलं. रडली नाही. मी रडत होते आणि ती मला पाणी आणून देत होती.

मग पुण्यानुमोदनाचा दिवस आला. तुमचा फोटो, मेणबत्त्या, पांढरे कपडे घातलेली माणसं, सतरंजीवर पहिल्या रांगेत मितू. त्रिशरण झालं, पंचशील सुरू झालं. तिला हे सगळं तुम्हीच शिकवलेलं, उच्चारासकट, ती तीन वर्षांची असताना, मांडीवर घेऊन. पहिलं शील ती म्हणाली, दुसरं म्हणाली, तिसरं म्हणाली. चौथं, खोटं न बोलण्याचं, आलं आणि ती थांबली. सगळी खोली म्हणत होती. ती तोंड मिटून तुमच्या फोटोकडे बघत होती. पाचव्याला पुन्हा म्हणायला लागली.

 एवढी माणसं बसलेली आणि त्यांच्यात कुणालाही काही कळलं नाही, फक्त आम्हा दोघींना. आणि तिलाही अर्धंच ठाऊक. तुम्ही तर आता कधीच काही सांगणार नव्हता. म्हणजे मी सांगितलं नाही तर हे असंच राहणार होतं, ती मोठी होईल, तिला मुलं होतील, तिथपर्यंत.

पाहुणे गेले. अजून उन्हं होती. ती सतरंजीची घडी घालत होती. मी दुसरं टोक धरलं आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. टॅब मी ठेवायला सांगितला होता. आबाजी नाही म्हणत होते. मी त्यांना टाकून बोलले, म्हणून त्यांनी ठेवला.

तिनं घडी पूर्ण केली. मग विचारलं, "त्या दिवशी तू तिथेच बसली होती न?"

हो, म्हटलं.

"आबाजींनी तुझ्याकडं पाहिलं होतं. मी पाहिलं. तू खाली मान घातली. मला वाटलं, तू पण रागावून राहिली त्यांच्यावर. म्हणून मी नाही बोलली त्यांच्याशी."

बाबा, मला वाटत होतं की ती तुमच्यावर रुसली आहे. ती माझ्या बाजूनं उभी होती. सहा आठवडे. माझ्यासाठी. मला कुणी थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं.

तिनं सतरंजी कपाटावर ठेवली आणि विचारलं, "आबाजींना माहीत होतं का, तू नाही सांगणार म्हणून?"

मी म्हटलं, त्यांनी मला एकदा विचारलं होतं, सांगशील न. मी हो म्हटलं होतं. 

आज त्याला अकरा दिवस झाले. ती माझ्याशी बोलत नाही. टॅबही लावत नाही, पलंगावर तशीच बसलेली असते, आणि त्याचा मला आनंद व्हायला हवा, पण मला तो घरातला शांतपणा सहन होत नाही. मी रजा घेऊन घरी आहे. दोन खोल्या, एक व्हरांडा, ती आतल्या खोलीत, मी बाहेरच्या. मी विचारते, जेवलीस का. ती मान हलवते, माझ्याकडे न बघता.

ती एवढीशी हलणारी मान बघत तुम्ही सहा आठवडे काढलेत. रोज, समोरासमोर, आणि माझं नाव एकदाही तोंडातून येऊ दिलं नाहीत. मला अकरा दिवसांत दहादा ओठांवर आलं आहे की मितू, मी जे केलं ते तुझ्यासाठीच केलं. तुम्हाला तर हे म्हणायचा माझ्यापेक्षा जास्त अधिकार होता. तुम्ही ते कधी म्हणाला नाहीत. मी पण म्हणणार नाही, बाबा.